बाईंचे डेलिया, आमची शिवरात्र

डेलियाचे गड्डे खाऊन माणूस मरत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते. चवीचं मात्र विचारू नका. मुळा आणि कच्चं रताळं यांच्या मधलं काहीतरी, वरून कितीही गूळ घातला तरी आपला हेका न सोडणारं. हल्ली शिवरात्रीच्या आसपास मी अंगणात पोतं अंथरून गड्डे फोडायला बसले की सून स्वयंपाकघरातूनच विचारते, "आई, मी काही करू, की आज तुम्हीच उकडताय?" तिला ही गोष्ट कुणी सांगितली कोण जाणे, पण सांगितली ती अर्धीच. पोटात काय गेलं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्यात माझी शाळा जाता जाता वाचली हे कुणी सांगत नाही. म्हणून लिहून ठेवते.

आमचं घर कारध्याला, नदीच्या अंगाला. पुढे छपरी, मागे उकिरडा, मध्ये एक लांबडी खोली, आणि त्या खोलीत बांबूची, शेणामातीनं लिंपलेली धानाची ढोली, बाबांपेक्षाही उंच. त्या खोलीत उन्हाळ्यातही अंधार आणि गारवा असायचा आणि धानाचा कोंदट गोड वास. धान निघालं की त्याच बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, लाखोरी, लाखेची डाळ. लाखोरी खाऊन पाय लुळे पडतात असं सांगायला अधूनमधून सरकारी माणसं येत. माय त्यांना चहा द्यायची, डोक्यावर पदर घेऊन सगळं ऐकायची, आणि ती माणसं फाटकाबाहेर पडली की लाखोरीचे वडे तळायला घ्यायची. घरात बोलणं कमी आणि कामाचे आवाज जास्त असायचे. सुपाचा, पाट्याचा, पुलावरून जाणाऱ्या ट्रकचा. बाबा तर दिवसाला मोजून चार वाक्यं बोलत असतील. पण बोललेलं मोडत नसत, आणि हा गुण आहे असं मला फार उशिरा पटलं.

शाळा पूल ओलांडून भंडाऱ्यात. आठवीत मी बीजगणितात आपटले. त्याच सुमारास एका बंगलीच्या कुंपणाशी फुलं बघत उभी असताना आतून आवाज आला, "काय पाहून राहिलीस? तोडायचा विचार आहे का?" त्या बाई. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. मी घाबरून खरंच सांगितलं, की पेपरात अकरा मार्क मिळालेत आणि घरी जायची हिंमत होत नाही. त्यांनी फाटक उघडलं आणि पायरीवर बसवून मला समीकरण म्हणजे तराजू कसा असतो ते दाखवलं. त्या दिवसापासून रोज शाळा सुटली की मी त्यांच्याकडे. फी नाही, शिकवणी असं नावही नाही. मी झाडांना पाणी घालायचे, त्या मला शिकवायच्या. नववीच्या सहामाहीत मला बीजगणितात चौसष्ट पडले तेव्हा मायनं देवापाशी साखर ठेवली. बाबांनी मात्र सुरुवातीलाच मला समोर उभं करून सांगितलं होतं, "परक्याच्या घरी जाते तू. आपल्यापायी त्या बाईचं काई वाईट झालं, तं त्या घरी तोंड दाखवाचं नाई. अना मंग दहावीचं मले सांगू नको." बाईंशिवाय मी दहावी पास होणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नापास झालेल्या मुलीला पुन्हा बसवायची रीत आमच्याकडे नव्हती.

बाईंच्या कुंपणालगत डेलियाची नऊ झाडं होती, गर्द तांबड्या रंगाची. शेजारचे म्हातारे सांगत, एके काळी बाईंकडे जेवणाच्या ताटाएवढी फुलं येत. मी पाहिली तेव्हा ती पेरूएवढी झाली होती. कारण बाईंना माहीत होतं. जमिनीखाली दरवर्षी नवे गड्डे धरतात, जुने तसेच राहतात, दाटी होते. मग उन्हाळ्यापूर्वी उकरून ते फोडावे लागतात, कोरड्या रेतीत निजवावे लागतात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा लावावे लागतात. उकरणं आणि निजवणं बाई दरवर्षी करत. फोडत मात्र नसत. पूर्वी एकदा त्यांनी फोडले होते, तर पिवळ्या रंगाचे सगळे कुजून गेले. वह्यांवर लाल शाईनं वार करताना ज्यांचा हात कधी कापला नाही, त्या बाई एका गड्ड्याला सुरी लावायला भीत होत्या. "पुढच्या वर्षी नक्की," असं म्हणत त्यांनी पाच-सहा वर्षं काढली होती.

मी नववीत होते त्या वर्षी माघात बाई न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. मला म्हणाल्या, "यंदा तू उकर आणि तुमच्याकडे ने. तुमच्याकडे नदीची रेती आहे, गार खोली आहे. दोन-तीन दिवस सावलीत सुकू दे. शिवरात्र झाली की मी येते, माझ्या डोळ्यांदेखत फोडू. तोवर सुरी लावायची नाही, इंदू. एकालाही नाही." मी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन नऊही बुंधे उकरले. एकेक घोस मायच्या भाताच्या गंजाएवढा, मोठ्या पातेल्याएवढा, बोटं बोटांत अडकलेली, काही मनगटाएवढी जाड. बाबांनी सायकलला दोन पोती लटकवून ती पूल पार केली आणि मी छपरीत, सावलीला, एका पोत्यावर ते घोस मांडून ठेवले. मायला सांगितलं, बाईंचे डेलिया आहेत. माय हो म्हणाली. तिचं अर्धं लक्ष लाखोरीत होतं, कारण शेंगा तडकायला लागल्या होत्या.

शिवरात्रीच्या दिवशी पहाटे माय आणि बाबा लाखोरी उपटायला गेले. लाखोरी दवात उपटावी लागते, ऊन चढलं की दाणे बांधीतच सांडतात. पिकाला उपास-तापास कळत नाही. मी मैत्रिणींबरोबर नदीवर आंघोळीला आणि तिथून देवळात गेले. आणि नेमक्या त्या वेळेत आत्याबाई आली. बाबांची थोरली बहीण, नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावची. ते गाव पुढे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पहाटेच्या एस्टीनं उतरून ती चालत आली, तर घर उघडं आणि चूल थंड. आत्याबाईला रिकामं बसणं म्हणजे शिक्षा. तिनं छपरीत पाहिलं तर पोतंभर रताळी मांडलेली. भावानं उपासासाठी आणून ठेवली आणि भावजयीला उकडायला सवड मिळाली नाही, असा सरळ हिशेब तिनं केला. दुसरं कुणी असतं तर दोन घोस घेतले असते. पण आत्याबाईचा हात मोठा. तिनं नऊही घोसांची जाड जाड बोटं मोडून काढली, धुतली, उकडली, सोलली आणि गुळाच्या पाकात घोळली.

आम्ही आलो तेव्हा घरभर गुळाचा वास सुटला होता. कवठाची चटणी, शेंगदाण्याची आमटी, भगर, आणि मधोमध ते मोठं गंज. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात, तशी आमची शिवरात्र. सकाळपासून पोटात काही नव्हतं. बाबा म्हणाले, "रताळं जुनं दिसते." माय म्हणाली, "दोरे लय हायेत बाई." आत्याबाईनं दोघांच्याही पानात आणखी गूळ वाढला. मी तीन खाल्ली. मग हात धुवायला छपरीत गेले आणि येताना भुकेच्या नादात न पाहिलेलं ते पोतं पाहिलं, तर रिकामं.

मी दारात येऊन नुसती उभी राहिले.

"काहून गं पोरी? असी काहून पाहून राहिली?" आत्याबाईनं विचारलं.

"आत्याबाई, छपरीतले..."

"ते रताळे? तेच तं खाल्ले ना तुनं."

"ते रताळे नोहोत. बाईंच्या फुलांचे गड्डे होते."

मायच्या हातातला तांब्या खाली पडला. "फुलाचे? अवो माय! इखारी तं नसन?" आत्याबाई ठसक्यात म्हणाली, "जलमभर लाखोरी खाल्ली, लंगडी नाई झाली मी. ह्या फुलानं का होते मले?" पण बोलता बोलता तिचा हात पोटावर गेला होता. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा उठले, चूळ भरली आणि मला म्हणाले, "बाईकडं जाय. खरं काय ते सांग." मी खोटं बोलणार नाही असं मला स्वतःबद्दल वाटत आलंय, पण त्या क्षणी मनात आलं होतं की सांगावं, गाईनं खाल्ले. विषाची भीती मला फारशी वाटली नाही. बाईंचं फाटक आता बंद होणार, भीती होती ती याची.

आत्याबाई म्हणाली, "पोरगी एकटी नाई जात. म्याच रांधलं, मीच सांगन." भर उन्हात आम्ही दोघी पुलावरून निघालो. वाटेत तिनं दोनदा ढेकर दिला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे चोरून पाहिलं. बाई व्हरांड्यात आरामखुर्चीत होत्या, प्लास्टरचा हात उशीवर. आत्याबाईनं पायरीखालीच हात जोडले. "बाई जी, माह्या हातून मोठी चूक झाली. तुमच्या फुलाचे कांदे आमी खाल्ले. या पोरीचा काई दोष नाई, ते घरी नोहती."

बाईंनी चष्मा काढला. "खाल्ले?"

"उकडून. गूळ घालून."

"किती जणांनी?"

"चार."

त्यांनी आम्हा दोघींना न्याहाळलं. मग म्हणाल्या, "विषारी नाहीत. पोट फुगेल. ओवा खा." मी इतका मोठा श्वास सोडला की आत्याबाईनं मला कोपर मारलं. पण बाईंचा चेहरा उतरला होता. त्या कुंपणाजवळच्या उकरलेल्या मातीकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एक हात प्लास्टरमध्ये आणि दुसऱ्यात चष्मा, नाहीतर त्यांनी ते आमच्या नकळत पुसलं असतं. मी रडायला लागले. मध्येच बाई एकदम ताठ बसल्या आणि आत्याबाईला म्हणाल्या, "वरचे बुंधे कुठं आहेत? जिथून ती बोटं मोडलीत, तो वरचा भाग?"

"ते लाकडावानी? ते का खाते जी कोनी? देल्ले फेकून उकिरड्यावर."

"कधी?"

"सकाळी."

"रिक्षा बोलाव, इंदू," बाई म्हणाल्या आणि चप्पल शोधायला लागल्या.

पुढचा तासभर आमच्या उकिरड्यानं जे पाहिलं ते त्यानं आधी कधी पाहिलं नसेल. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या बाई प्लास्टर छातीशी धरून शेणाच्या ढिगाशेजारी उकिडव्या बसल्या होत्या आणि आम्ही चौघं कोंबड्या हाकलत एकेक बुंधा उचलून त्यांच्यासमोर ठेवत होतो. बाबासुद्धा. बाईंनी मला जवळ बोलावून एका बुंध्याच्या मानेवर बोट टेकवलं. जुना वाळका देठ आणि गड्डा जिथे जुळतात तिथे मोहरीएवढा गुलाबी फुगवटा होता. "हा डोळा. कोंब फक्त इथून येतो. तुम्ही खाल्लेल्या बोटांना, ती सुटी केली असती तर, डोळाच राहिला नसता. जन्मभर रेतीत पडून राहिली असती तरी उगवली नसती." आत्याबाईनं जाड बोटं मोडली होती, बारीक, सोलायच्या लायकीची नसलेली बोटं मात्र बुंध्यालाच ठेवली होती. बाई सहा वर्षं जे करायला धजल्या नव्हत्या त्यातलं अर्धं काम आत्याबाईनं उपासाच्या तयारीत उरकून टाकलं होतं.

उरलेलं अर्धं त्याच दुपारी झालं. आत्याबाईनं विळा धार लावून आणला. बाई छपरीत बाजेवर बसून सांगायच्या आणि आत्याबाई कापायची. "इथून नाही, डोळ्याला लागेल." "लागत नाई जी, अद्रक कापतो आमी दरसाल." "अद्रक वेगळं." "वेगळं कायचं, डोया तो डोया." प्रत्येक तुकड्याला एक डोळा, एक-दोन बारीक बोटं आणि देठाची थोडी चकती. कापल्या जागेला आत्याबाईनं चुलीतली गार राख चोळली. बाई म्हणाल्या गंधक हवं, आत्याबाई म्हणाली राख बस झाली. गंधक घरात नव्हतं म्हणून राख जिंकली. एकूण सव्वीस तुकडे झाले. दोन रुंद मडक्यांत कोरडी रेती, तिच्यात ते तुकडे एकमेकांना न टेकता निजवलेले, वर पुन्हा रेती, आणि मडकी ढोलीच्या मागे, सगळ्यात गार कोपऱ्यात. नदीची रेती तेव्हा कुणीही टोपलीनं आणायचं. आता मी बागेच्या दुकानातून पिशवी विकत आणते आणि दरवेळी मनातल्या मनात चिडते.

चहा झाला. बाई निघाल्या तेव्हा त्या मोकळ्या दिसत होत्या, रिक्षात बसताना हसल्यासुद्धा. मला म्हणाल्या, "उद्या ये, आलेख सुरू करू." मी हो म्हणणार तेवढ्यात बाबा पुढे आले. "नाई जी बाई. उगवले तं येईन पोरगी. नाई उगवले तं नाई येत."

"अहो, माझा काही राग नाही."

"तुमचं मन मोठं हाये. पन आमचं आमाले पायलं पायजे."

आत्याबाईनं भावाशी भांडून पाहिलं. चूक माझी, शिक्षा पोरीले कायले, असं ती दोन दिवस म्हणत होती. बाबा थोरल्या बहिणीपुढेही नमले नाहीत. मी तेव्हा त्यांचा मनापासून राग केला. आज वाटतं, ज्याचं नुकसान केलं त्याच्याच घरी रोज फुकटचं काही घ्यायला जायचं, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. पण वयाच्या पंधराव्या वर्षी मला हे कोण समजावणार, आणि समजावलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तो उन्हाळा मी त्या दोन मडक्यांशी घालवला. बाई म्हणाल्या होत्या, रेतीत पाण्याचा थेंब पडता कामा नये, कुजतील. आत्याबाई जाताना कानात सांगून गेली होती, "वैशाखात पानी नाई देल्लं तं चिपाडं होतीन." दोघीही शहाण्या, आणि मी मध्ये. शेवटी मी माझ्यापुरती तोड काढली, रेती कोरडी ठेवायची आणि मडक्याला बाहेरून ओलं फडकं गुंडाळायचं. दर चार दिवसांनी हात घालून एखादा तुकडा चाचपायचा. कुणी म्हाताऱ्याच्या बोटासारखा सुरकुतलेला, कुणी लिबलिबीत झालेला. लिबलिबीत असेल तो गुपचूप उकिरड्यावर न्यायचा आणि आकडा एकानं कमी करायचा. सव्वीसचे एकवीस झाले, मग सतरा. फडकं वाळलेलं दिसलं की माय माझ्या आधीच ओलं करून ठेवायची.

जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू झाला. बाई नागपूरला भावाकडे उन्हाळा काढून परत आल्या होत्या. शाळेतून येताना मी त्यांच्या रस्त्यानं यायचं टाळायचे. बीजगणितात फळ्यावर काय चाललंय ते मला कळेना, पहिल्या चाचणीत नऊ मार्क. तो कागद मी बाबांना दाखवला. त्यांनी तो दोन्हीकडून पाहिला आणि परत दिला. मडक्यांत चौदा तुकडे उरले होते आणि एकालाही कोंब नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं की हे होणार नाही. पुढल्या वर्षी मी बांधीत असेन, आणि त्याच्या पुढल्या वर्षी कुणाच्या तरी घरी.

मग रोवणी, भाताची लावणी, लागली. रोवणीत आमच्याकडे शाळा बिळा काही नसते, घरातला प्रत्येक हात चिखलात. पऱ्ह्याच्या, म्हणजे भातरोपांच्या, जुड्या बांधायला पेंढ्याचं तणस हवं होतं म्हणून त्या दिवशी सकाळी मायनं मला घरी पिटाळलं. तणस ढोलीमागे. मी वाकले आणि पाहिलं तर एका मडक्याची रेती मधोमध उचलली गेली होती. बोटानं बाजूला केली. तांबूस, बोटाच्या पेराएवढा जाड कोंब. त्याच्या शेजारी दुसरा. दुसऱ्या मडक्यात तीन. मी तणस तिथेच टाकलं, एक तुकडा रेतीसकट लोट्यात घेतला आणि धावत बांधीवर गेले.

बाबा गुडघाभर चिखलात होते. त्यांनी पाटाच्या पाण्यात हात धुतले, पंचाला पुसले, लोटा घेतला आणि त्या कोंबाकडे बराच वेळ बघितलं. मागे रोवणाऱ्या बाया थांबल्या होत्या. मला वाटलं, म्हणतील, संध्याकाळी पाहू, आधी जुड्या आण. ते म्हणाले, "किती आले?"

"सध्या पाच."

"जाय मंग."

"आता? रोवणी..."

"एक हात कमी पडन. मी पायतो. तू जाय." आणि लोटा माझ्या हातात देऊन ते पुन्हा वाकले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण मायचा दिसला.

पूल मी चालले की धावले ते आठवत नाही. फाटक नुसतं लोटलेलं होतं. बाई व्हरांड्यात वाचत बसल्या होत्या, प्लास्टर निघालेला हात पांढरट आणि बारीक दिसत होता. त्या हातानं त्यांनी लोटा धरला, चष्म्याच्या वरून आत बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे. बाई म्हणाल्या, "पाच महिने झाले, आलेख तसेच राहिलेत. आधी पाय धू, मग आत ये."

मागच्या नळावर मी पाय धुवायला बसले. चिखल केव्हाच निघून गेला होता. आतून बाईंनी दोनदा विचारलं, झालं का गं, आणि मी दोन्ही वेळा "आले" म्हटलं आणि रडू थांबेपर्यंत पाणी ओतत राहिले.